विकणे आहे : मोटार, जन्म १९५७

वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती वाचण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. अग्रलेख एखादे वेळी राहिला तरी चालतो; पण 'पाहिजेत', 'विकणे आहे' आणि 'वधू-वर' हे तीन रकाने डोळ्यांखालून गेल्याखेरीज मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. माणसे तिथे मोजके बोलतात, कारण शब्दाशब्दाला पैसे पडतात. आणि त्या मोजक्या शब्दांच्या आड दडवतातही पुष्कळ. 'वर्ण गव्हाळ', 'मुलगा हरहुन्नरी', 'निर्दोष घटस्फोटित' यांचा अर्थ काय होतो हे ज्यांनी चार लग्ने जमवली आहेत त्यांना सांगायला नको.

हा नाद एके दिवशी मोटार खरेदीच्या कामी येईल असे मात्र मला कधी वाटले नव्हते. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईचा आणि मोटारीचा संबंध असून असून किती असणार? मला गाडी चालवता येत नाही. बॉनेट उघडले की आत जे जे दिसते त्याला मी सरसकट इंजिन म्हणते. पण २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघे डेट्रॉइटजवळ शशांकभाऊजींकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे, महिनाभर राहायला गेलो. पोचल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी भाऊजींनी आम्हांला समोर बसवले आणि मुलगी पसंत पडल्याचे घरात सांगावे तशा चेहऱ्याने म्हणाले, "दादा, वहिनी, एक जुनी गाडी घ्यावी म्हणतोय."

"सेकंडहँड?" आमच्या ह्यांनी विचारले.

"सेकंडहँड नव्हे रे. क्लासिक."

या दोन शब्दांत किती हजार डॉलरांचे अंतर आहे ते मला पुढच्या आठवड्यात कळले. क्लासिक म्हणजे अभिजात. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी तिला दोन हजार वर्षांचे पुरावे द्यावे लागले. अमेरिकन मोटारीला पंचवीसएक वर्षे पुरतात.

मग रोज रात्री जेवणे झाली की जाहिरातवाचन सुरू होई. 'हेमिंग्ज मोटर न्यूज' नावाचे एक मासिक तिकडे १९५४ पासून निघते. त्यात जुन्या मोटारींच्या जाहिराती असतात आणि काही लोक ते पोथीसारखे वाचतात. मी दोनच दिवसांत त्या भाषेत रुळले. 'बार्न फाइंड' म्हणजे शेतावरच्या कोठारात सापडलेली. पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या अशा गाडीवरची धूळ पुसायची नसते, कारण धुळीचेही पैसे येतात. 'जुने रिस्टोरेशन' म्हणजे एकदा नव्यासारखी केली होती, आता रंगाचे पोपडे निघू लागले आहेत. 'उभी केली तेव्हा चालत होती' हे तर माझे सर्वांत आवडते वाक्य. त्यात असत्य काही नाही. कोणतीही गाडी उभी करण्यापूर्वी चालतच असते! आणि 'मॅचिंग नंबर्स' म्हणजे गाडीच्या अंगावरचे आकडे एकमेकांशी जुळतात, तिचे इंजिन दुसऱ्या कुणाचे नाही. पत्रिका जुळते, असे आपण म्हणू.

मला नवल वाटले ते वर्षांचे. कोणी नुसते 'शेव्हरोले' म्हणत नाही. छप्पन्नची वेगळी, सत्तावन्नची वेगळी. एका वर्षाच्या फरकाने किंमत दीडपट. एवढे काय बदलते वर्षात?

याचे उत्तर दोन माणसांच्या भांडणात आहे, जरी ती दोघे समोरासमोर भांडली नाहीत. हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये मॉडेल टी काढली. डेट्रॉइटमधल्या पिकेट ॲव्हेन्यूवरची विटांची ती तीन मजली इमारत अजून उभी आहे. भाऊजींनी आम्हांला मुद्दाम नेऊन दाखवली. आपल्याकडच्या एखाद्या सूतगिरणीची आठवण व्हावी अशी आहे. पुढे हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये चालती जोडणी सुरू झाली आणि ज्या सांगाड्याला साडेबारा तास लागत तो दीड तासात होऊ लागला. सुरुवातीला ८५० डॉलरांना असलेली गाडी तीनशेच्या खाली आली. १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक मॉडेल टी निघाल्या, आणि १९१४ ते १९२५ पर्यंत सगळ्या काळ्या. फोर्डसाहेबांचे म्हणणे असे की, चांगली गाडी एकदा बनवली की बदलायची कशाला?

जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांचे म्हणणे नेमके उलटे. त्यांनी आपल्या गाड्यांची एक शिडीच लावली : खाली शेव्हरोले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबील, ब्यूइक आणि माथ्यावर कॅडिलॅक. कारकुनाने शेव्हरोलेपासून आरंभ करावा, बढती मिळेल तसतशी पायरी चढावी आणि बँकेचा अध्यक्ष झाल्यावर कॅडिलॅकमधून उतरावे. शिवाय दर वर्षी गाडीचे रूप पालटायचे, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली जुनी वाटू लागते. या कामासाठी १९२७ मध्ये हॉलिवुडहून हार्ले अर्ल नावाचा कलावंत आणला गेला. ही नवी रूपे बहुधा शरद ऋतूत, आपले दिवाळी अंक निघतात त्याच सुमाराला दुकानांत येत. आतला मजकूर तोच आणि मुखपृष्ठ नवे, हा प्रकारही आपल्या ओळखीचाच म्हणायचा. (संपादकांनी हे वाक्य ठेवले तर मी त्यांची आभारी राहीन.)

या अर्लसाहेबांनी महायुद्धाच्या काळात लॉकहीडचे पी-३८ हे जोडशेपटीचे लढाऊ विमान पाहिले आणि ते त्यांच्या मनात घर करून बसले. १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर दोन छोटे उंचवटे दिसू लागले. तेच पुढे शेपटीचे पंख झाले. दहा वर्षे ते उंच उंच होत गेले, आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर तर इतके चढले की त्यांत बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन तांबडे दिवे बसवावे लागले. त्या वर्षीची उघड्या टपाची एल्डोराडो बिआरिट्झ सात हजार चारशे डॉलरांना होती आणि १३२० निघाल्या. आम्ही एका प्रदर्शनात त्यांतली एक पाहिली. हे म्हणाले, "ही गाडी आपल्या सोसायटीच्या फाटकातून आत यायची नाही." पुष्कळ सौंदर्य फाटकातून आत येत नाही, हे मी बोलले नाही.

भाऊजींचे मन बसले होते ते मात्र शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर, १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरवर. या गाडीची कथा गमतीची आहे. १९५५ पर्यंत शेव्हरोले म्हणजे सालस, सहा सिलिंडरांची, मास्तरांनी घ्यावी अशी गाडी. त्या वर्षी कंपनीने तिच्यात एड कोल यांच्या हाताखाली तयार झालेले आठ सिलिंडरांचे आटोपशीर इंजिन घातले. त्या घराण्याची इंजिने पुढे दहा कोटींवर निघाली. पंचावन्न, छप्पन्न आणि सत्तावन्न या तीन भावंडांत सत्तावन्न हे शेंडेफळ : मागे टोकदार पंख, समोर सोनेरी जाळी, पाठीमागच्या दोन्ही बाजूंना रेघारेघांच्या ॲल्युमिनियमचे पदर, आणि पेट्रोलच्या टाकीचे तोंड डाव्या पंखाच्या कडेत असे लपवलेले की पंपावरच्या नव्या पोऱ्याला ते सापडूच नये. नवी होती तेव्हा दोन दारांची बेल एअर सुमारे २४०० डॉलरांना मिळे. आणि मौज अशी, की त्या वर्षी फोर्डने शेव्हरोलेवर मात केली होती. लोकांना ती जुनाट वाटली. तिचे नशीब उघडले ते सहा-सात वर्षांनी, जेव्हा ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि विशीतल्या पोरांच्या हाती पडली. ती पोरे पुढे मोठी झाली, त्यांच्याकडे पैसा आला, आणि त्यांनी आपले तारुण्य चढ्या भावाने परत विकत घेतले.

म्हणून उघड्या टपाची सर्वांत महाग, त्याखालोखाल मधला खांब नसलेली दोन दारांची. चार दारांची साधी सेडान कोपऱ्यात पडून असते. आईवडील, आजी आणि तीन मुले जिच्यात बसून देवाला गेली असतील, तिला आज फारसे कुणी विचारीत नाही.

सत्तावन्न सालच्याच सप्टेंबरात फोर्डने एड्सेल नावाची नवी गाडी आणली होती. तिचे नाव शोधण्यासाठी कंपनीने आधी मेरिअन मूर या थोर कवयित्रीला गळ घातली होती. बाईंनी एकाहून एक नावे सुचवली, त्यांत एक होते 'यूटोपियन टर्टलटॉप'. कंपनीने त्यांचे आभार मानले आणि संस्थापकाच्या दिवंगत मुलाचे नाव दिले. गाडी तीन हंगामांत बंद पडली. कवयित्रीचे ऐकायला हवे होते, असे माझे एक प्राध्यापिका म्हणून ठाम मत आहे.

पण माझी खरी गोडी वाढली ती पुढे, आकड्यांशी गाठ पडल्यावर. एम. ए. च्या वर्गाला मी पाठचिकित्सा शिकवते. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती असतात. लेखनिकांनी मध्ये ओव्या घुसडलेल्या असतात. त्यांतून मूळ संहिता कोणती आणि प्रक्षिप्त काय हे ठरवायचे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती याच कारणासाठी. अमेरिकेतले जुन्या मोटारींचे शौकीन नेमके हेच करतात, फक्त गुडघ्यांवर बसून, हातात विजेरी घेऊन.

उदाहरणार्थ फोर्डची मस्टँग. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, किंमत २३६८ डॉलर, आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख निघाल्या. तिच्या क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिनाचे असते. १९६५-६६ च्या गाडीत ते 'टी' असेल तर ती जन्माने सहा सिलिंडरांची. मग आज तिच्या पोटात कितीही गुरगुरणारे इंजिन असो. शिवाय सहा सिलिंडरवालीच्या चाकाला चार नट असत आणि आठवालीच्या पाच. अक्षर वाचता येत नसेल त्याने नट मोजावेत. पहिल्या अनुक्रमांकाची मस्टँग तर न्यूफाउंडलंडमधल्या एका विक्रेत्याने नजरचुकीने एका वैमानिकाला विकून टाकली होती. ती परत मिळवायला कंपनीला त्याला दहा लाखावी गाडी द्यावी लागली. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये ती पांढरी गाडी मी पाहिली.

पाँटियाकची जी. टी. ओ. याहून अवघड. १९६४ आणि १९६५ मध्ये जी. टी. ओ. हे स्वतंत्र मॉडेल नव्हतेच. ल मान्स या गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा तो साज होता. त्यामुळे क्रमांक दोघींचा सारखाच, १९६५ मध्ये २३७ ने सुरू होणारा. १९६६ पासून तिला २४२ हा स्वतःचा आकडा मिळाला. आधीच्या दोन वर्षांच्या गाडीचे खरेखोटे करायला कारखान्याचे मूळ कागदच काढावे लागतात. काही कंपन्यांच्या गाड्यांत जोडणीच्या वेळचा कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा टाकीच्या माथ्यावर अडकून राहिलेला सापडतो. तो सापडला की मंडळी ताडपत्र मिळाल्यासारखी नाचतात.

आणि जाहिरातीचा महिमा म्हणाल, तर एक सांगते. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन याने जी हिरवी मस्टँग सॅनफ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उधळली, ती १९७४ मध्ये एका छोट्या जाहिरातीतून न्यूजर्सीच्या एका गृहस्थांनी सहा हजार डॉलरांना घेतली. त्यांची पत्नी ती घेऊन शाळेत शिकवायला जात असे. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली. यांनी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये त्या कुटुंबाने ती लिलावात काढली, तेव्हा बोली ३४ लाख डॉलरांवर थांबली. तो नट १९८० मध्येच वारला होता.

अखेर भाऊजींना हवी ती जाहिरात सापडली. 'बेल एअर, १९५७, दोन दारे, आठ सिलिंडर, आकाशी व पांढरी, पस्तीस वर्षे एकाच घरात.' मागणी ४२ हजार डॉलर. ओहायोतले एक लहान गाव, तीन तासांचा रस्ता.

वाटेत भाऊजींची एकच चिंता होती, गंज. त्या भागात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. लोणच्याला राखणारे मीठ लोखंडाला खाते. तेव्हा त्यांनी टल्साची गोष्ट सांगितली. ओक्लाहोमातल्या या शहराने जून १९५७ मध्ये एक कोरी करकरीत सोनेरी-पांढरी प्लिमथ बेल्व्हेडीअर काँक्रीटच्या तळघरात पुरली. पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. तेव्हा पेट्रोल मिळेनासे झाले असले तर, म्हणून सोबत पेट्रोलचा डबाही ठेवला. २००७ मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल ते जो अचूक सांगेल त्याला ती गाडी मिळायची होती. २००७ मध्ये झाकण काढले तर आत पाणी भरलेले, आणि गाडीच्या जागी तांबड्या चिखलाचा एक ढेकूळ. सर्वांत जवळचा आकडा सांगणारा माणूसही हयात नव्हता. ते ऐकून गाडीत काही वेळ कुणी बोलले नाही.

घर लाकडी, मागे मोठे कोठार. गृहस्थ चौऱ्यांशी वर्षांचे, उंच, किंचित वाकलेले. त्यांच्या बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी आम्हांला लिंबाचे सरबत दिले. घर मोडून ती दोघे वृद्धांच्या वसाहतीत राहायला जाणार होती, म्हणून सगळे विकायचे. "गाडी शेवटी काढली जाहिरातीत," बाई म्हणाल्या.

गाडी दृष्ट लागावी अशी होती. भाऊजी आणि हे बॉनेटखाली शिरले. मी माझ्या वहीत अक्षरे उतरवून घेतली होती, तेव्हा डाव्या दाराच्या खांबावरची पत्र्याची पट्टी पाहावी म्हणून वाकले. पहिले अक्षर 'व्ही', म्हणजे आठ सिलिंडर, ठीक. दुसरे अक्षर मालिकेचे. त्या वर्षी शेव्हरोलेच्या तीन मालिका होत्या : वन-फिफ्टी सर्वांत साधी, तिचे अक्षर 'ए', मधली टू-टेन, 'बी', आणि बेल एअर, 'सी'. मग ५७, मग कारखान्याचा 'एन', म्हणजे ओहायोतलेच नॉरवुड. मी दुसरे अक्षर तीनदा पाहिले. पदराने पुसून पाहिले.

"अहो," मी मराठीत म्हटले, "इथे 'सी' नाही. 'बी' आहे."

भाऊजींचे डोके बॉनेटवर आपटले.

प्रबंधातली चूक पकडली की मला एक प्रकारचा आनंद होतो, कबूल करते. तो तेव्हाही झाला. तो चार-पाच सेकंद टिकला. कारण म्हाताऱ्या गृहस्थांना मराठी येत नसले तरी चेहरे वाचता येत होते. "बाई काय म्हणतात?" त्यांनी विचारले. भाऊजींनी सांगितले. त्यांनी चष्मा लावला, हळूहळू गुडघ्यांवर बसले आणि त्या अक्षरावरून बोट फिरवले. मग घरातून गाडीचे कागद आणले. त्यांतही 'बी' च होते. पस्तीस वर्षे ते कागद त्यांच्या खणात होते.

कोणीतरी १९८९ च्या आधी एका टू-टेनला बेल एअरचे दागिने चढवले होते : सोनेरी जाळी, ॲल्युमिनियमचे पदर, अक्षरे, सारे काही.

"माझ्या सासऱ्यांची बेल एअर होती," ते म्हणाले. "याच रंगाची. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हिला तशीच द्यायची म्हणून मी तीन राज्ये पालथी घातली होती." आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत हळूच म्हणाले, "हे आत बोलू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भाऊजींनी सावरायचा प्रयत्न केला. बिनखांबी दोन दारांची टू-टेन बेल एअरपेक्षा कितीतरी कमी निघाली होती, आणि हे खरेच आहे. म्हणजे नकली जिचे सोंग घेऊन उभी होती तिच्यापेक्षा ती स्वतः दुर्मिळ होती. गृहस्थ हसले. म्हणाले, "कमी निघाली, कारण ती कुणाला नको होती."

विषय बदलावा म्हणून की काय, त्यांनी आम्हांला कोठार दाखवायला नेले. आत त्यांच्या वडिलांची एक काळसर हिरवी गाडी होती, उंच टपाची, गोलसर. ती पाहताच मी ओरडले, "अहो, ही तर अण्णांची डॉज!"

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याला गाड्या जोडायला सुरुवात केली. अण्णा तिथे १९५० मध्ये फिटर म्हणून लागले. आईच्या घरी भिंतीवर त्यांचा एक फोटो आहे : खाकी अर्धी विजार, डोक्याला टोपी, हात एका नव्या मोटारीच्या बॉनेटवर. 'अण्णा आणि त्यांची डॉज' असे आम्ही त्याला म्हणत आलो. फोटोची प्रत माझ्या फोनमध्ये होती. मी ती दाखवली.

गृहस्थांनी भिंग मागवले. बराच वेळ पाहून म्हणाले, "दारे प्लिमथची. टप प्लिमथचे. मागचे मडगार्ड प्लिमथचे. नाक तेवढे डॉजचे आहे. माझी ही गाडी प्लिमथ आहे, १९५१ ची क्रॅनब्रुक." मग मडगार्डावरची अक्षरे मोठी करून वाचली : किंग्जवे. अमेरिकेत विकायची डॉज निराळी, अंगाने थोर. परदेशी विक्रेत्यांना स्वस्त गाडी हवी म्हणून क्रायस्लर प्लिमथच्याच अंगाला डॉजचा चेहरा लावून 'किंग्जवे' नावाने बाहेर धाडी. डीसोटोचा चेहरा लावला की तिचीच 'डिप्लोमॅट' होई.

म्हणजे ज्या बाईने सकाळी दुसऱ्याच्या गाडीचे पितळ उघडे पाडले, तिच्या माहेरच्या भिंतीवर पन्नास-साठ वर्षे तसलीच गाडी टांगलेली होती! गृहस्थांना एवढे हसू आले की त्यांना बाकावर बसावे लागले. काय चालले आहे ते पाहायला बाई बाहेर आल्या. त्यांना फक्त डॉजची गोष्ट सांगण्यात आली.

मग त्यांनी मला त्या प्लिमथमध्ये बसवले. क्रायस्लरचे तेव्हाचे प्रमुख के. टी. केलर यांचा हट्ट होता की, डोक्यावरची हॅट न काढता माणसाला गाडीत बसता आले पाहिजे. म्हणून टप एवढे उंच. डेट्रॉइटमध्ये हॅटी गेल्या आणि ही टपे हास्यास्पद ठरली. आमच्या मुंबईत मात्र पगडी, फेटा, गांधी टोपी आणि मांडीवर उभे केलेले मूल, सगळे त्या टपाखाली मावले. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून होता, फोर्डही मुंबईत गाड्या जोडत असे. नुसती जोडणी नको, गाडी इथेच बनवा, असे सरकारने म्हटल्यावर १९५३-५४ च्या सुमाराला दोघेही गेले. कुर्ल्याच्या गाड्या टॅक्सी होऊन पुढे कित्येक वर्षे धावल्या, पेट्रोल परवडेना तेव्हा पोटात डिझेल इंजिने घालून धावल्या. आई सांगते, गणपतीत मामाकडे जाताना त्यांची नऊ माणसे एका डॉजमध्ये बसत, आणि टॅक्सीवाला वर विचारी, "आणखी कोणी यायचंय का?" त्या गाडीच्या क्रमांकात कोणते अक्षर होते ते कुणी पाहिले नव्हते.

त्या दिवशी सौदा झाला नाही. आठ दिवसांनी गृहस्थांची नवी जाहिरात आली. भाऊजींनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली : 'टू-टेन, १९५७, दोन दारे, बेल एअरचा साज घातलेली. पस्तीस वर्षे एकाच घरात.' मागणी ३१ हजार. एवढी सरळ जाहिरात मी माझ्या आयुष्यात वाचलेली नाही. भाऊजींनी त्याच रात्री फोन केला. गाडी आणायला गेले तेव्हा बाईंनी सांगितले म्हणे, की वडिलांच्या गाडीच्या पुढच्या फळीवर बेल एअर असे लिहिलेले होते ते हिच्यावर जरा तिरके बसले आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिले होते.

मुंबईला परतल्यावर मी आईला सगळे सांगितले. ती शेंगा सोलत होती.

"अगं, अण्णांना ठाऊक नव्हतं होय?" ती म्हणाली. "खोक्यांतनं यायच्या त्या गाड्या, सुट्या. डॉजची नाकं वेगळी, प्लिमथची वेगळी. ती बसवायलाच तर अण्णा होते. फोटोग्राफर आला त्या दिवशी डॉज तेवढी पुसून ठेवलेली होती, म्हणून तिच्याजवळ उभे राहिले."